माइक बंद होता तेव्हा

"अक्का त्या दिवशी गात होती, की नुसते ओठ हलवत होती?"

हे मी साउंडवाल्याला विचारलं. तो म्हणाला, माइक मीच बंद ठेवला होता, मला कसं कळणार. कबड्डीच्या पंचांना विचारलं. ते म्हणाले, गाणं तर छान झालं की. आईला विचारलं. ती उठून चुलीपाशी गेली.

खुद्द अक्काला विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "गात होते रे."

मी विश्वास ठेवला नाही. आता ती नाही.

म्हणून मी मदारबाबांकडे गेलो.

मदारबाबा तळ्याच्या बांधावरच्या दर्ग्यात राहतात. म्हातारे फकीर. माझी थोरली बहीण मालन, म्हणजे अक्का, त्यांच्याकडे गाणं शिकली. बाबांना बारा वर्षं झाली, काही ऐकू येत नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखतात. गाणं शिकवायचं तर मात्र मागे उभे राहतात आणि पाठीवर तळवा ठेवतात. सूर कुठं डळमळला ते त्या तळव्याला कळतं, असं अक्का म्हणायची. चारचौघांत गातानाही तिला तो हात पाठीवर लागायचाच.

मी गेलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते दिसत नव्हतं. बाबा पायरीवर बसून कबुतरांना ज्वारी टाकत होते. कबुतरं धुक्यातून यायची, दाणा उचलायची आणि परत धुक्यात जायची. जणू कुणीतरी एकच कबुतर पुन्हा पुन्हा पाठवत होतं.

मी त्यांच्या समोर बसलो. सगळं सांगितलं.

कबड्डीची फायनल. दहा हजार माणसं. अक्काचं स्वागतगीत. मोठ्या मैदानात भोंग्यांचा आवाज समोरून उशिरा परत येतो आणि गाणारा गडबडतो, म्हणून साउंडवाल्यानं आदल्या दिवशीच शाळेच्या एका खोलीत तिचं गाणं रेकॉर्ड करून घेतलं होतं. आम्हाला घरात हे माहीत नव्हतं. तिसऱ्या कडव्याला वारा सुटला, मैदानातली माती उडाली आणि अक्का खोकली. ओढणी तोंडाला लावून खोकली.

गाणं भोंग्यांतून तसंच चालू राहिलं.

सगळी गॅलरी हसली. मी मित्रांत बसलो होतो. बाबा तिच्या मागे पाठीवर हात ठेवून उभे होते, ते लांबून दिसत होतं. एकजण मला म्हणाला, "बिरू, तुझी अक्का चावीची बाहुली आहे लेका. तो म्हातारा बघ, मागून चावी देतोय."

घरी जेवताना मी तेच अक्काच्या तोंडावर म्हटलं. चावीची बाहुली. ती म्हणाली, गात होते रे. मी म्हटलं, मग ऐकू का नाही आलं? आणि ताट सरकवून उठलो.

एकोणीस दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मधे तिला ताप आला, तरी नाही. विसाव्या दिवशी ताप डोक्यात गेला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. माझं सांगून झालं तरी बघतच होते.

"म्हणून विचारतो," मी म्हटलं. "ती गात होती?"

...

बाबांनी मूठभर ज्वारी टाकली.

"ज्यांना ऐकू येतं त्यांना विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"भोंग्यातलं गाणं ऐकलं म्हणाले. छान होतं म्हणाले."

"मला भोंगा ऐकू आला नाही," बाबा म्हणाले.

मला राग आला. हा म्हातारा माझी समजूत घालतोय असं वाटलं. पाठीला हात लावून काय कळतं, असं मी बोलून गेलो. बाबा हसले. चावी कळते, म्हणाले.

त्यांनी मला उठवलं. पाण्याकडे तोंड करून उभं केलं. मागून त्यांचा तळवा माझ्या पाठीवर आला. तो ऊन होता.

"तिचं स्वागतगीत येतं?"

मी मान हलवली. महिनाभर घरात तेच चाललं होतं.

"म्हण."

मला एक गोष्ट सुचली. मी तोंड उघडलं आणि नुसते ओठ हलवले. पहिली ओळ सगळी, आवाज न काढता. बाबा मागे होते, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. बघू या, म्हटलं.

हात पाठीवरून निघाला.

"म्हण की," बाबा म्हणाले.

हात परत आला. या वेळी मी श्वास भरून घेतला, छाती फुगवली, खांदे हलवले, गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज तेवढा काढला नाही.

हात निघाला.

"दम लागेल तुला," बाबा म्हणाले. "इतकी मेहनत करतोस, तर गातच का नाहीस?"

धुक्यात कुठंतरी एक मासा उसळला. तो दिसला नाही, पाणी तेवढं वाजलं. मी एक पायरी खाली उतरलो, पाय ओले झाले. बाबाही उतरले.

अक्काच्या दहाव्याला मी घाटावर थांबलो नव्हतो. तिच्या फोटोला हार घातला नव्हता. तिच्यासाठी शेवटचं म्हणून मी केलं ते एवढंच, की त्या सकाळी तिचं गाणं गायलो.

मला गाता येत नाही. आवाज फाटका निघाला. पहिलं कडवं धुक्यात गेलं, पलीकडच्या काठाला लागून उशिरा परत आलं आणि माझ्या दुसऱ्या कडव्यात मिसळलं. मी गडबडलो. कुठला आवाज माझा आणि कुठला पाण्यावरून आलेला, ते कळेना. क्षणभर वाटलं, पलीकडे कुणीतरी माझ्याबरोबर गातंय.

हात पाठीवर होता.

तिसरं कडवं आलं. अर्ध्या ओळीवर मी खोकलो. पुन्हा खोकलो. मग नुसता उभा राहिलो, नाक पुसत.

पलीकडून माझीच अर्धी ओळ परत आली आणि विरली. तळं गप्प झालं.

...

हात हलला नाही.

"इथंच खोकली होती ती," बाबा मागून म्हणाले. "आता पुढं गा... ती गायली होती."