म्हशीची करवंटी

फार जुनी गोष्ट. खाडीकाठचे प्राणी दर वर्षी पैलतीरापर्यंत पोहण्याची शर्यत लावत.

शंख वाजताच सगळे झेपावले. चांदी म्हैस मात्र पाण्यात एक करवंटी सोडून तिच्याकडे बघत उभी राहिली. 'ही बघते तरी काय?' पाणमांजराला कोडं पडलं, पण ते सुळकन पुढे गेलं.

खाडीच्या मध्यावर ते जीव तोडून पोहत होतं, तरी समुद्राकडेच ओढलं जात होतं. बाकीचे केव्हाच मागे फिरले होते. त्याचे हातपाय गळाले, तेवढ्यात म्हैस संथपणे जवळ आली.

जीव जायची वेळ, तरी पाणमांजराने विचारलंच, "मावशी, करवंटीत काय होतं गं?"

"काही नाही रे. ती समुद्राकडे वाहत होती. थांबली, तेव्हा मी उतरले. धर माझी शेपटी."

पुढल्या वर्षी शंख वाजला, सगळे झेपावले. काठाशी मात्र दोन करवंट्या तरंगत होत्या.