हेरवाडकरांचं विरजण

“विझलेला दिवा परत लावला, तर तो तोच दिवा का, बाबा?”

गिरीबाबा ताकाचा डेरा राखेनं घासत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाचा विझला?”

“माझा. म्हणजे… आमच्या घरचा. अखंड दिवा होता.”

“होता ना?”

“होता.”

“मग झालं.”

झालं कसं! असलं तुटक उत्तर ऐकायला का श्रीपाद हेरवाडकर भर उन्हात स्कूटर काढून नदीकाठच्या या मठात आला होता? पन्नाशी उलटलेला माणूस. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात नोकरी. गावात त्याला मान होता आणि तो त्या दिव्यामुळंच. वडिलांनी लावलेली समई त्यांच्यामागं यानं इतकी वर्षं तेवत ठेवली होती. पाहुणा आला की चहाच्या आधी देवघर. “हा कधीच विझलेला नाही बरं का,” असं सांगताना गडी असा फुलायचा, की समईत तेल नव्हे, हाच जळतोय असं वाटावं. लेकीच्या सासरी तो एकदाही मुक्कामाला राहिला नाही. मेहुण्याच्या लग्नात तर भरल्या पंगतीतून उठून आला. का? तर घरी दिवा आहे!

“ऑफिसनं ट्रेनिंगला पाठवलं बाबा. नाही म्हणता येईना. बायकोला बजावून बजावून सांगितलं होतं, तेल बघ, काजळी बघ. परत आलो तर ही दारातच उभी. म्हणाली, दिवा शांत झाला होता.”

“बाई कुठं होती?”

“शेजारच्या अनसूयाबाई न्हाणीत घसरून पडल्या. त्यांना घेऊन दिवसभर दवाखान्यात बसली होती.”

“मग? त्या बऱ्या आहेत का?”

“आहेत. प्लास्टर घातलंय.”

“बरं झालं.”

श्रीपादच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

“बाबा, मी दिव्याचं विचारतोय.”

“मी बाईचं विचारलं.”

…

श्रीपाद खाली बसला. आता आवाजातला ताठा गेला होता.

“वडील जाताना माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, दिवा सांभाळ. दुसरं काही बोलले नाहीत. त्यांचं असं तेवढंच माझ्यापाशी होतं, बाबा… उपास सांगा, पारायण सांगा, सांगाल ते करतो. पण ती ज्योत परत कशी यायची, ते सांगा.”

त्याचे डोळे भरून आले. बाबांनी डेरा पालथा घातला, हात धुतले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“बायकोशी बोलतोस?”

“…त्या दिवसापासून नाही.”

“हं.”

बाबांनी पंच्याला हात पुसले.

“मांजरानं डेरा लवंडला बघ. थेंब राहिला नाही. उद्या येताना विरजण आण. चमचाभर पुरे.”

“विरजण?”

“दही लावायला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताक द्यावं लागतं की नाही?”

ते खरंच होतं. या मठात ना कसला अंगारा मिळायचा, ना गंडा. कुणीही येवो, पेलाभर ताक हातात पडायचं. पण म्हणून विरजण आणायला दुसऱ्या गावच्या माणसाला पिटाळायचं?

“बाबा, इथं मठाला लागून एवढी घरं आहेत…”

“तुझ्या घरचं आण.”

“आणि माझ्या प्रश्नाचं?”

“विरजण आण.”

* * *

श्रीपाद घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. म्हणजे इतरांच्या घरी. त्याच्या देवघरात मात्र काळोख होता. जाता जाता त्याची नजर तिकडं गेली आणि त्यानं ती चटकन वळवली. कारण तिथं जे झालं होतं ते त्यानं बाबांना सगळं सांगितलेलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, मंदाकिनीनं, दिवा परत लावला होता. आंघोळ करून, नवी वात घालून, हात जोडून लावला होता. ट्रेनिंगहून आलेला श्रीपाद चपला काढून सरळ देवघरात गेला, क्षणभर त्या ज्योतीकडं बघत राहिला आणि “हा तो नव्हे,” म्हणून त्यानं दोन बोटांनी वात दाबून टाकली. बोट भाजलं. तेव्हापासून घरात दिवाही नाही आणि बोलणंही नाही.

आता बोलायचं नाही म्हटल्यावर विरजण मागायचं कसं? तो गुपचूप स्वयंपाकघरात शिरला. मंदाकिनी ओट्यापाशी शेंगा सोलत बसली होती. त्यानं फ्रिज उघडला. एक पातेलं, दुसरं पातेलं, झाकलेल्या तीन वाट्या. इतकी वर्षं त्या घरात जेवलेला माणूस, पण कशात काय आहे याचा पत्ता नाही! त्यानं अंदाजानं एक भांडं ओढलं आणि चमचा घातला.

“ते इडलीचं पीठ आहे,” मंदाकिनी म्हणाली.

…

“विरजण हवंय,” श्रीपाद फ्रिजकडं तोंड करून म्हणाला.

शेंगा सोलणारे हात थांबले. इतक्या दिवसांनी नवरा बोलला, आणि बोलला तो हे!

“कुणाला?”

“गिरीबाबांना. मठात संपलंय.”

“आत्ता नाही मिळायचं. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाहीत. सकाळी न्या.”

“कोण म्हणतं?”

“तुमच्या आई म्हणायच्या.”

तिनं उठून डाव्या बाजूची वाटी बाहेर काढली, झाकण उचलून पाहिलं, परत ठेवली. श्रीपादला का कोण जाणे, तिथून निघावंसं वाटेना.

“आईच्या वेळचं आहे का हे?”

“वाटी?”

“विरजण.”

“मग काय दुकानातलं?” ती म्हणाली. बोलायचं नव्हतं तिला, चांगलीच दुखावली होती. पण विषय सासूबाईंचा निघाला होता आणि सासूबाईंवर तिचा जीव होता. “लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी कुलपाच्या किल्ल्यांच्या आधी ही वाटी दाखवली मला. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी दिलेलं. त्यांच्याही सासूबाई म्हणे माहेरून येताना बैलगाडीत मांडीवर बोळकं धरून बसल्या होत्या, सगळी वाट. त्याच्या आधीचं कुणाला ठाऊक!”

“आणि हे कधी संपलं नाही? बिघडलं नाही?”

मंदाकिनीला हसू आलं. राग होता तरी आलं.

“नाही कसं! पुराच्या वर्षी आठवत नाही? तुम्ही तुमचा दिवा डोक्यावर धरून माळ्यावर चढलात. खाली माझं स्वयंपाकघर आख्खं वाहून गेलं. वाटीसुद्धा गेली.”

“मग?”

“मग काय! पाणी उतरल्यावर वरच्या आळीत पाटणकर काकूंकडं गेले. म्हटलं, काकू, थोडं विरजण द्या. त्या म्हणाल्या, घे की बाई, तुझ्या सासूनंच दिलेलं आहे.”

श्रीपाद स्टुलावर बसला.

“एका उन्हाळ्यात बुरशी आली. तेव्हा अनसूयाबाईंकडून आणलं. त्यांच्याकडंही आपलंच गेलेलं. आपली पल्लवी सासरी नाशकाला जाताना घेऊन गेली, तिथं तिच्या शेजारणींनी तिच्याकडून नेलं. आता कुठं कुठं आहे, मला तरी काय माहीत!”

“म्हणजे हे… तेच आहे?”

“तेच की. दूध रोज नवं. दही तेच.”

असं म्हणून ती शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. तिला त्यात विशेष काही वाटलंच नव्हतं.

श्रीपादच्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. त्यानं फ्रिज परत उघडला. वाटी हातात घेतली. पांढरं, जरासं पाणी सुटलेलं, कडेला साय चिकटलेलं, आंबूस वासाचं दही. रोज भातात कालवून त्यानं ते खाल्लं होतं, खाताना पेपर वाचला होता, आंबट झालं म्हणून कुरकुर केली होती. आईच्या हाताचं हे होतं. आजीच्या हाताचं होतं. जिचं नावही घरात कुणाला माहीत नव्हतं, अशा कुठल्याशा बाईनं मांडीवर धरून आणलेलं होतं. दिव्याच्या कितीतरी आधीपासून ते या घरात होतं, आणि आजवर कुणी ते एकाही पाहुण्याला दाखवलं नव्हतं.

वाटी धरायची कशी तेच त्याला कळेना.

बायकोला काहीतरी म्हणावं असं फार वाटलं त्याला. शब्द अगदी ओठांवर आले.

“सकाळी लवकर निघायचंय,” तो म्हणाला.

धन्य आहे हो माणसाची!

* * *

सकाळी मंदाकिनीनं स्टीलच्या छोट्या डबीत विरजण काढून दिलं. स्कूटरला हिसके बसतात म्हणून श्रीपाद एसटीनं गेला. डबी पिशवीत ठेवायला त्याला धीर होईना. मांडीवर, दोन्ही हातांत धरून बसला. शेजारच्या माणसानं विचारलं, “काय आहे हो?” श्रीपादला सांगता येईना. “घरचं आहे,” एवढंच म्हणाला.

मठात दूध तापवून ठेवलेलं होतं. बाबांनी करंगळी बुडवून पाहिली. कोमट झालं होतं. मग त्यांनी डबी घेतली, झाकण उघडलं आणि एकदम तशीच उचलून कपाळाला लावली.

श्रीपाद चपापला. देवाच्या मूर्तीपुढंही बाबा असे वाकलेले त्यानं पाहिले नव्हते.

“कुठून आलं हे?”

“घरून.”

“घरी कुठून आलं?”

श्रीपादनं सांगितलं. आई, आजी, पणजीचं बोळकं, पुराचं पाणी, पाटणकर काकू, अनसूयाबाई, नाशिक… सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला, देवळात बोलावं तसा.

“आणि बोळक्याच्या आधी?”

“ठाऊक नाही, बाबा.”

“मलाही नाही,” बाबा हळूच म्हणाले.

…

दोघं त्या डबीकडं बघत बसले. नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं. मग बाबांनी चमच्यानं विरजण काढून दुधात सोडलं, ढवळलं. बघता बघता ते दिसेनासं झालं.

“तुला दिव्याचं विचारायचं होतं.”

“हो.”

“तुझ्या दिव्यावरून कधी कुणी वात लावून नेली होती?”

श्रीपादनं आठवून पाहिलं.

“अनसूयाबाईंची सून आली होती एकदा. त्यांनी नवा देव्हारा केला होता. तिला वाटलं, पहिली ज्योत आमच्याकडून न्यावी.”

“मग?”

“मी नाही म्हटलं. दिव्यावर दिवा लावू नये म्हणतात.”

“म्हणतात खरं.”

श्रीपाद त्या दुधाकडं बघत राहिला. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“म्हणजे आता मागायला मला एक घर नाही, बाबा. कुणाकडंच तो नाही. मी राहूच दिला नाही…”

त्यानं तोंडावर हात घेतला. एवढा बाप्या माणूस, पण खांदे गदगदत होते. बाबांनी त्याला रडू दिलं.

“घरी काळोख आहे?” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

“आहे.”

“बाईनं परत लावला नाही?”

…

“लावला होता.”

“मग?”

…

“मी विझवला. या हातानं.”

दुधावर झाकण ठेवणारा बाबांचा हात मधेच थांबला. आता ओरडतील, आता उठून जा म्हणतील, म्हणून श्रीपाद मान खाली घालून बसला. पण बाबा रागावले नाहीत. त्यांनी डबी विसळली, पुसली आणि इकडंतिकडं पाहू लागले. आलेलं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, ही आपल्याकडं घराघराची रीत. पण मठात त्या घडीला ना साखर होती, ना फळ, ना लाह्या. शेवटी ते चुलीपाशी गेले, कोनाड्यातली काडेपेटी घेतली, डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

“घरी ने. बाईच्या हातात दे.”

श्रीपादनं डबी दोन्ही हातांनी घेतली. आत काड्या वाजल्या.

“दिवा लाव म्हणून सांगू तिला?”

बाबांनी दुधाच्या भांड्यावर फडकं टाकलं. चारी बाजूंनी नीट खोचलं.

“सांगू नको… माग.”