चिखलातली पावलं

मुलांनो, एका जंगलात तळ्याकाठच्या जांभळीवर एक खार आपल्या आईबरोबर राहत असे. त्या जंगलाची एक रीत होती. पावसाळा सरला की तरुण प्राण्यांनी कोणा ना कोणा गुरूकडे शिकायला जायचं. ज्याचं शिष्य व्हायचं, त्याच्या दारातल्या ओल्या चिखलात पाऊल उमटवायचं. चिखल सुकला की निवड कायम. मग रडून उपयोग नाही.

आपल्या या खारीला मात्र काही सुचेना. अस्वल मध काढायला शिकवत असे आणि त्याच्याकडे शिष्यांची रीघ लागली होती. बाभळीवरचा सुगरण पक्षी घरटी विणायला शिकवत असे. त्याच्या दारातला चिखल अजून कोराच होता. "मधाची विद्या शिकलीस तर जन्मभर उपाशी राहणार नाहीस," आई म्हणाली. "घरटं काय चाटून खायचंय?" कोल्हा म्हणाला, "मधाचे दिवस संपत आले बरं का! काहीतरी वेगळं शीक." वेगळं म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही. माकड म्हणालं, "सगळे अस्वलाकडे चाललेत, म्हणून मीही चाललो." सल्ले देणाऱ्यांचं काय जातं! बिचारीचं डोकं भणभणून गेलं.

दिवसभर ती अस्वलाच्या गुहेपाशी जायची, पाऊल उचलायची आणि तशीच मागे फिरायची. उन्हं कलली. चिखलाला भेगा पडू लागल्या. "आता मात्र नक्की," असं म्हणत ती पुन्हा गुहेच्या दारात आली.

अस्वलाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तोंडात काय आहे गं?"

खारीने दचकून तोंडाला हात लावला. गवताचं लांब पातं होतं आणि त्याला अर्धवट गाठही मारलेली होती. ते कधी उचललं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

"आणि जरा मागे वळून बघ," अस्वल म्हणालं. "जांभळीपासून माझ्याकडे सरळ वाट आहे. तुझी पावलं दर खेपेला बाभळीला वळसा घालून का आली आहेत?"

खारीने पाहिलं. खरंच, वाटेवरच्या मातीत तिची सगळी पावलं बाभळीच्या आसपास घोटाळली होती. ती रडवेली झाली. "पण काका, तिथे माझं पोट भरेल का?"

"ते मला ठाऊक नाही," अस्वल म्हणालं. "पण इथे राहिलीस तर मध गळून जाईल आणि तू गवताला गाठी मारत बसशील, एवढं मला दिसतंय."

खार धूम पळत सुटली. बाभळीखालचा चिखल जवळजवळ सुकला होता. तिने होतं नव्हतं ते बळ लावून पाऊल दाबलं. पुसटसं का होईना, ते उमटलं. वरून सुगरण पक्षी म्हणाला, "उशीर केलास. असू दे. ते पातं टाकू नकोस, तिथूनच पुढे विणायचंय."

त्या वर्षी माकडाचं पोट सुटलं, खारीचं नाही. आई अधूनमधून कुरकुरायची. वाऱ्यावर मधाचा वास आला की खारही क्षणभर गोंधळायची. पण हातातलं पातं काही सुटायचं नाही.

तात्पर्य : काय शिकावं हे कळेनासं झालं, तर मिळकत कशात जास्त हे चारचौघांना विचारण्याआधी, कुणी न सांगता आपली पावलं कुठे वळतात ते पाहावं.