कच्चं लिंबू झालेला राजा

पूर्वी चंपकावती नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा प्रधान होता. नाव सोमदंत. दोघे एका वयाचे, लहानपणी नदीकाठच्या वाळूत आट्यापाट्या खेळलेले.

वाळूत रेघा ओढायच्या, प्रत्येक रेघेवर एक राखणदार, आणि त्याचा हात न लागता पलीकडे जायचे, एवढाच तो खेळ. राज्याभिषेक झाला आणि अरिंदमाचा खेळ सुटला. त्याला सगळे मिळाले, पण संध्याकाळी नदीवरून पोरांचा गलका ऐकू आला की घास घशाखाली उतरत नसे.

एके दिवशी न राहवून तो वाळूत उतरला. पोरांनी खेळायला घेतले. मात्र तो रेघेजवळ आला की राखणदार पोर आपसूक बाजूला सरके. राजाने सगळ्या रेघा ओलांडल्या, ना धाप ना घाम. तेवढ्यात चित्रा नावाची कुंभाराची पोर मैत्रिणीला म्हणाली, "त्यांना बाद करायचं नाही गं. महाराज कच्चं लिंबू आहेत."

कच्चं लिंबू म्हणजे खेळात घेतलेले, पण जमेस न धरलेले शेंबडे पोर. राजाला ते फार लागले. "इथे कुंपण घाला," तो बरोबर आलेल्या सोमदंताला म्हणाला. "जागा तुला दिली. आमराई लाव."

वड्याचे तेल वांग्यावर निघते आहे, हे सोमदंताने ओळखले. नदीकाठची जमीन दुसऱ्या कुणीही हात जोडून घेतली असती. "महाराज, कुंपणाआधी एक डाव होऊ द्या," एवढेच तो म्हणाला आणि धोतर खोचून शेवटच्या रेघेवर उभा राहिला.

राजा निघाला. पोरे सरकली. शेवटच्या रेघेशी त्याने डावीकडे हूल दिली, तीच लहानपणची. सोमदंताचे गुडघे कुरकुरले, पण तो फसला नाही. राजाच्या पाठीत सणसणीत थाप बसली.

"बाद!"

राजासोबतच्या शिपायाचा हात तलवारीकडे गेला. अरिंदम पाठ चोळत उभा होता आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

"फार लागलं का?" चित्राने विचारले.

"नाही गं पोरी. किती वर्षं वाट बघत होतो," राजा म्हणाला. "पुन्हा डाव मांडा. आता कुणी सरकायचं नाही."

कुंपण झाले नाही.

एवढी कथा सांगून भगवंत बुद्ध भिक्खुसंघाला म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे, आपली चूक आता कुणी दाखवत नाही म्हणून आज रडलेला हा वृद्ध भिक्खू. चित्रा म्हणजे त्याला पाणी देणारी ही भिक्खुणी. सोमदंत मीच होतो." मग त्या वृद्ध भिक्खूकडे वळून ते म्हणाले, "सकाळच्या पाठात तुझी एक ओळ चुकली."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. माणसाला खोटे जिंकू न देणारी ही माया, हीच मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता.