नाण्यावरच्या दोन खुणा

एक होता राजा. त्याच्या राज्यात होती एक पारखीण, तुळाक्का. जुन्या चांदीच्या नाण्यांचं मोल सांगायची. आणि कशानं, ठाऊक आहे? कानानं! नाणं दगडावर टाकायची. ते ठणकन वाजायचं आणि पोटातलं सगळं तिला सांगून टाकायचं. काय कान होता बाईचा, बरं का!

पण म्हातारपणी तिचे डोळे गेले. मग दरबारातले लोक कुजबुजले, "आंधळीच्या हाती खजिना कसा द्यायचा?"

राजा म्हणाला, "तीन नाणी देतो. एका जरी नाण्याला चुकली, तर पारखीची गादी गेली आणि दगडही गेला."

गादीचं तिला काही नव्हतं रे. पण दगड तिच्या आईचा होता. तो गेला तर नाणी तिच्याशी बोलणार कशी?

मग आलं पहिलं नाणं. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. सगळे म्हणाले, वा! तुळाक्कानं टाकलं, तर नाणं खोकलं.

"आत तांबं आहे," ती म्हणाली. "वर नुसता मुलामा."

कापून पाहिलं, तर खरंच लालभडक तांबं!

मग आलं दुसरं. तव्याच्या बुडासारखं काळं. सगळे फिदीफिदी हसले. तिनं टाकलं, तर नाणं गायलाच लागलं. "चोख चांदी!" ती म्हणाली. कसाला लावलं, तर खरंच चोख.

मग राजानं स्वतःच्या कमरेचं नाणं काढलं. दरबारी आधीच ओरडले, "लाखाचं! लाखाचं!" मेले खुशमस्करे. तुळाक्कानं टाकलं. नाणं तान्ह्या बाळासारखं खुदकन हसलं. तिनं ते उचललं, कडेवरून हळूच बोट फिरवलं.

"महाराज, चांदी चोख. पण वजनाला हलकं, वर भोक पाडलेलं. बारा आणे. एक पै जास्त नाही."

राजाच्या कपाळाला आठ्या.

"पण विकू नका हो," तुळाक्का म्हणाली. "कडेला इवल्या दातांच्या दोन खुणा आहेत. चोख चांदी मऊ, म्हणून उमटल्या. लहानपणी काळ्या दोऱ्यात हे तुमच्या गळ्यात असणार. दात येताना तुम्हीच चावलंय. आणि घासू नका, खुणा जातील."

राजा सिंहासनावरून उतरला आणि तिच्याजवळ जमिनीवरच बसला. म्हणाला, "आक्का, आई गेली तेव्हा हे तिच्या मुठीत होतं. का, ते मला आज कळलं." आणि भर दरबारात रडला. त्याला कुणी हसलं नाही.

मग दगड तुळाक्काकडेच राहिला, गादीही राहिली. आणि ते नाणं राजानं आपल्या तान्ह्या लेकीच्या गळ्यात बांधलं. तिनं काय केलं असेल? लगेच चावलं! आता त्याच्यावर चार खुणा आहेत.

राजा सुखी, लेक सुखी, तुळाक्का सुखी. मिटा बघू आता डोळे. आणि चिंगे, उशीचा कोपरा तोंडातून काढ आधी.