रिकामी काडतुसे

एकदा एक वृद्ध नेमबाज गावाबाहेरच्या माळावर एकटाच राहत असे. त्या माळावर हौशी मंडळींचे नेमबाजीचे मैदान होते. यंत्रातून मातीची तबकडी आकाशात उडे, आणि खाली पडण्याआधी ती छऱ्याच्या बंदुकीने फोडायची, असा तो खेळ. वृद्धाचे नाव हैबती. सगळे त्याला अण्णा म्हणत. मैदान राखावे, फुटक्या तबकड्यांच्या खापऱ्या वेचाव्यात, कुणी आलाच तर त्याला शिकवावे, एवढाच त्याचा संसार. बायको जाऊन बारा वर्षे झाली होती. अलीकडे शिकायला येणाराही एकच उरला होता.

तो विश्राम, चाळिशीचा गृहस्थ. पूर्वी तो वडिलांबरोबर येई. वडील मागे घडीची खुर्ची मांडून बसत आणि तबकडी फुटली की नुसते "हं" म्हणत. चुकली तर तेही म्हणत नसत. सहा महिन्यांपूर्वी वडील वारले. विश्राम अजूनही ती खुर्ची गाडीतून आणी, मागे मांडी आणि तिच्याकडे पाठ करून उभा राही. पंचविसातल्या बावीस फोडणारा हा माणूस आता तेरा-चौदावर आला होता.

निवडचाचणी आठ दिवसांवर आली होती. पंचविसातल्या वीस फोडेल त्याला शहरातल्या संघात जागा मिळणार होती. वडील एके काळी त्याच संघात खेळलेले. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार, म्हणजे विश्रामची ही शेवटचीच संधी.

त्या संध्याकाळी तो काडतुसांचा नवा खोका घेऊन आला.

"अण्णा, छत्तीस ग्रॅमची आणलीत. दुकानदार म्हणाला, साहेब, ह्यानं तबकडीच काय, कुंपणाची भिंत पडेल."

"चाचणी भिंत पाडायची आहे होय?"

"चेष्टा नका करू. चोवीस ग्रॅम छऱ्यांनी फुटेनात म्हणून अठ्ठावीस घेतले. त्यानं फुटेनात म्हणून बत्तीस."

"मग छत्तीसनंही नाही फुटली तर तोफ आण. ओढायला बैल मी बघतो."

विश्राम हसला नाही. अण्णांनी त्याच्या सदऱ्याची कॉलर बाजूला सारली. उजवा खांदा जांभळाच्या सालीसारखा काळानिळा झाला होता. क्षणभर त्यांच्या मनात आले, राहू द्यावे. निवड झाली तर हा शहरात जाईल, आणि संध्याकाळचा माळ पुन्हा आपल्या एकट्याचा. नाही झाली, तर येत राहील. या विचाराची त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"आज बंदूक मी भरणार," ते म्हणाले. "तू आत काय आहे ते बघायचं नाही. सोड म्हणायचं, मी यंत्रातून तबकडी उडवतो, आणि मारायचं."

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. विश्रामकडे पाठ फिरवून ते खोक्यात आणि खिशात बराच वेळ चाचपत राहिले. नंतर एकेक काडतूस नळीत घालून बंदूक त्याच्या हाती देऊ लागले.

"सोड!"

बार झाला. तबकडी तशीच पुढे गेली.

"सोड!"

पुन्हा तसेच.

तिसऱ्या वेळी घोडा ओढला तर नुसती टिक् झाली. बार नाही, धूर नाही, धक्का नाही. पण बंदुकीची नळी चांगली वीतभर खाली गेली होती, खांदा मागे पळाला होता आणि विश्रामचे डोळे घट्ट मिटले होते. त्याने ते हळूहळू उघडले.

"आत काय होतं?"

"कालच्या उडालेल्या काडतुसाचं रिकामं टरफल. आता सांग, धक्का कुठनं आला?"

विश्राम बंदुकीकडे पाहत राहिला. अण्णा खाली दगडावर टेकले.

"तबकडी फोडायला चार दाणे पुरतात बाबा. हलक्या चोवीस ग्रॅमच्या काडतुसात बारीक दाणे तीनशेच्या आसपास असतात. तुला दाणे कमी पडत नाहीत. भारी काडतुसाला तुझा खांदा भितो, अन् तबकडी फुटायच्या आधीच तू डोळा मिटतोस. हे तुला ठाऊक नव्हतं असंही नाही. तरी दर खेपेला वजन वाढवतोस. का? बार झाल्यावर मागं जी शांतता होते ना, ती तुला ऐकवत नाही. म्हणून मोठा बार पाहिजे. होय की नाही?"

विश्रामने मागच्या खुर्चीकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"मीही केलंय हे," अण्णा म्हणाले. "बायको गेली त्या वर्षी रोज भारी बार काढायचो. घर शांत वाटू नये म्हणून. त्यात हा डावा कान गेला. अन् ती हाक मारायची ती नेमकी डावीकडनं, चुलीपासनं. आता आठवणीतसुद्धा नीट ऐकू येत नाही." थोडे थांबून ते म्हणाले, "शांतता बारानं बुजत नाही. ती ऐकूनच घ्यावी लागते. उद्यापासून चोवीस ग्रॅम. अन् प्रत्येक बारानंतर दहा आकडे मोजेपर्यंत नुसतं उभं राहायचं."

पहिले तीन दिवस विश्रामला पाचाच्या पुढे मोजवेना. चौथ्या दिवशी तो दहापर्यंत पोहोचला. अण्णा अधूनमधून रिकामे टरफल घालतच होते. सातव्या दिवशी टिक् झाली आणि नळी जागची हलली नाही.

चाचणीच्या दिवशी चोवीस तबकड्यांत त्याच्या एकोणीस फुटल्या होत्या. शेवटची उरली. मागे खुर्ची होती, रिकामी. विश्रामने हलके काडतूस भरले.

"सोड!"

लहानसा बार झाला आणि निळ्या आकाशात तबकडीचा धुरळा झाला. मागून कुणी काही म्हणाले नाही. विश्राम तसाच उभा राहिला, त्याने मनात दहा मोजले, बंदूक उघडून तापलेले टरफल तळहातावर घेतले आणि आपल्याशीच हळू म्हणाला, "हं."

शहराकडे निघताना तो माळावर येऊन वृद्धाच्या पाया पडला. "अण्णा, ही खुर्ची इथंच असू द्या."

"ने की. तिकडं मांडायला होईल."

"आता नाही लागायची."

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत अण्णा फाटकापाशी उभे होते. मग खापऱ्या वेचून झाल्या, यंत्रावर ताडपत्री घालून झाली. रोज या वेळी ते एक बार काढत, उगाच. आज त्यांनी बंदूक पेटीत ठेवून दिली. दारातल्या दगडावर बसले, आणि ती रिकामी खुर्ची उचलून उजवीकडे मांडली, ज्या कानाने अजून ऐकू येत होते त्या बाजूला.