फाटकावरची कुजबुज

"महाराज, महिन्याचं पेट्रोल वीस तारखेलाच संपत आलं! आता दवाखान्याच्या गाडीला काय घालू? ताक?"

दिवाणजींनी हे विचारलं तेव्हा कोंढवणी संस्थानचे महाराज रणधवलराजे आपल्या लांबलचक मोटारीत बसून रेल्वे फाटकापाशी अडकले होते. आजूबाजूला आणखी चौदा मोटारी. आणि पंधराच्या पंधरा इंजिनं चालू! घर्रर्र! फट्! घर्रर्र!

संस्थानची मालगाडी म्हणजे रुसलेला जावई. आला, आला म्हणेपर्यंत अर्धा तास जायचा. पण तेवढ्या वेळात एक शहाणा इंजिन बंद करील तर शपथ! का? तर कोंढवणीत अशी ठाम समजूत, की गप्प उभी मोटार म्हणजे बंद पडलेली मोटार. शेजारचा लगेच डोकं बाहेर काढून विचारायचा, "काय शेठ, बैल पाठवू का ओढायला?" मग काय! धूर निघो, पेट्रोल जळो, अब्रू जाता कामा नये!

दिवाणजींनी उपाय कमी केले नव्हते. पाट्या लावल्या, त्या धुरानं काळ्या झाल्या. दवंडीवाला उभा केला. "पेट्रोल जपा होऽऽ!" पंधरा इंजिनांपुढे त्याचं त्यालाच ऐकू येईना. शेवटी भाषण ठेवलं. भाषणाला झाडून सगळे आले, आणि ते संपेपर्यंत बाहेर मोटारी घरघरत ठेवल्या!

फाटकाला टेकून शेंगा सोलणारी बाई खुदकन हसली. ही सुंद्रा. नवऱ्याचा, धोंडूचा, पाय मोडल्यापासून फाटक तीच ओढायची.

"हसतेस कुणाला गं?" महाराज गरजले.

"दवंडीला, सरकार. वरडून कुनी शहानं झालंय व्हय?"

"असं? मग तू कर शहाणं! आठ दिवसांत या फाटकावर झाडून सगळी इंजिनं गप्प झाली पाहिजेत. हुकूम सोडायचा नाही, दंड नाही, हातापाया पडणं नाही. पेट्रोलचं नावसुद्धा काढायचं नाही! नाही जमलं, तर नवऱ्यासकट फाटकावरची खोली खाली कर!"

खोलीच्या दारात बसलेल्या धोंडूच्या तोंडचं पाणी पळालं. "आगं, जरा हळू बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आता हळूच बोलनार हाय," सुंद्रा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाटक पडलं, मोटारी थटल्या. सुंद्रा धोंडूजवळ बसली आणि हलक्या आवाजात सुरू झाली. "आवं, ऐकलं का? काल हिराचंदशेठ माडीवर गेलं, तर माकडानं त्यांची... घर्रर्र... आन शेठ तसंच उघडं... घर्रर्र... समद्या आळीनं बघितलं!"

पहिल्याच मोटारीत खुद्द हिराचंदशेठ! "ए, माझी काय? काय नेलं माकडानं? मोठ्यानं बोल!"

"नवराबायकोचं बोलनं हाय शेठ, वरडून कोन करतंय?"

शेठनं चट्कन इंजिन बंद केलं. त्याला स्वतःची अब्रू ऐकायची होती; मागच्यांना शेठची! पटापट सगळ्या मोटारी गप्प.

"त्यांची टोपी नेली," सुंद्रा म्हणाली. "आन शेठ तसंच उघड्या डोक्यानं धावलं."

"एवढंच?"

"एवढंच! उद्या वकीलसाहेबांच्या कोंबडीचं सांगते."

वकील दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी हजर! चौथ्या दिवसापासून फाटक पडलं की इंजिनं आपोआप बंद होऊ लागली. पुन्हा सुरू करायला हँडल मारताना घाम निघायचा, पण कुरकुर कोण करतो? त्यात शेठच्या ध्यानात आलं, शनिवारी आटणारा पेट्रोलचा डबा सोमवारीही डुचमळतोय. झालं! जणू आपणच शोध लावला, अशा थाटात शेठ पानाच्या दुकानावर गावाला शिकवू लागला, "अरे, गप्प गाडी ती शहाण्याची गाडी!"

आठव्या दिवशी महाराज आले. चौदा मोटारी चिडीचूप. चालू एकच, महाराजांची!

आपल्याला न जमलेलं फाटकवालीनं करून दाखवलं, म्हणून दिवाणजी जळून कोळसा झाले होते. ते हळूच म्हणाले, "महाराज, अट झाडून सगळ्यांची होती. आपली अजून चालू आहे."

महाराजांनी मिशीला पीळ दिला. "माझी गाडी गप्प करणारा अजून जन्मायचाय! सुंद्रे, सामान बांध!"

"बांधते, सरकार." सुंद्रा उठली आणि जाता जाता धोंडूच्या कानाशी लागली. "आवं, जायच्या आधी एक सांगते. काल राणीसाहेब मुदपाकखान्यात म्हनाल्या, आमचं सरकार न्याहारीला बसलं की... घर्रर्र... आन वर मलाच... घर्रर्र... समद्या दासी हसून हसून..."

महाराज कमरेपर्यंत खिडकीबाहेर आले. "काय? काय म्हणाल्या? अरे ड्रायव्हर, बंद कर ते धूड!"

घरघर थांबली. इतकी शांतता झाली, की रुळावरचा कावळाच दचकून उडाला.

"हं, बोल! काय म्हणाल्या?"

सुंद्रानं बोटानं एकेक मोटार मोजली. "पंधरा, सरकार. झाडून समद्या! आन हुकूम तुमी सोडला, म्या न्हाई!"

दिवाणजींचा चेहरा पडला. महाराज मात्र असे हसले, असे हसले, की फेटा सुटून मांडीवर आला! "दिवाणजी, लिहा! आजपासून फाटक सुंद्राच्या नावावर, पगारासकट. खोलीही तिचीच, कायमची. आणि एक जरीचं लुगडं! पण सुंद्रे, आता खरं सांग, राणीसाहेब म्हणाल्या तरी काय?"

तेवढ्यात मालगाडी धडधडत आली आणि गेली. सुंद्रानं फाटक सताड उघडलं.

पण एकही मोटार हलेना! महाराजांची तर मुळीच नाही!